अमेरिकेत सरकारी कॉलेजविरुद्ध वंशभेदाचा दावा: या चुका टाळा

प्राध्यापकाने किंवा ऑफिसातल्या कर्मचाऱ्याने वंशावरून, रंगावरून वाईट वागणूक दिली. ईमेल आहेत, साक्षीदार आहेत. तरीही दावा पहिल्याच पायरीवर फेटाळला जातो. असं होतं तेव्हा कारण बहुधा दोनपैकी एक असतं: मुदत उलटलेली असते, नाहीतर दावा भलत्यावरच लावलेला असतो. अमेरिकेत शिकायला किंवा शिकवायला गेलेल्या आपल्या मंडळींना हे आधी सांगणारं सहसा कोणी नसतं.

कॉलेजच्या चौकशीचा निकाल लागेपर्यंत थांबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती करतात नेमकी सरळमार्गी माणसं. "आधी डीनकडे जाऊ, अपील करू, नाहीच जमलं तर कोर्ट आहेच" हा विचार समंजस वाटतो. कायद्याचं घड्याळ मात्र तुमच्या समंजसपणासाठी थांबत नाही.

यावरचा नमुनेदार खटला डेलावेअर स्टेट कॉलेजचा आहे. तिथे शिकवणाऱ्या रिक्स या लायबेरियन कृष्णवर्णीय प्राध्यापकांना टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, नाकारली गेली. जून १९७४ मध्ये त्यांना कळवण्यात आलं की आता शेवटचा एक वर्षाचा करार, तो जून १९७५ ला संपेल. कॉलेजातली तक्रार सप्टेंबर १९७४ मध्ये फेटाळली गेली. ते कोर्टात गेले सप्टेंबर १९७७ मध्ये. नोकरी गेली त्या दिवसापासून मोजलं तर वेळेत होते. सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये सांगितलं की मुदत निर्णय कळवला त्या दिवसापासून मोजायची. नोकरी कधी संपली याला महत्त्व नाही, आणि अंतर्गत तक्रार चालू होती म्हणून मुदत थांबतही नाही. दावा मुदतबाह्य ठरला.

म्हणून तारखा आधी लिहून काढा. केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार १८० दिवसांत करायची असते. कॉलेजची प्रक्रिया आधी केली असेल तर ती संपल्यावर ६० दिवसांची सवलत मिळू शकते, पण ही सवलत त्या कार्यालयापुरतीच, कोर्टाला ती लागू नाही. नोकरीतला भेदभाव असेल तर समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत जायचं. राज्याची स्वतःची तशी यंत्रणा असेल तर ३०० दिवस मिळतात. कलम १९८३ (हे साल नव्हे; सरकारी अधिकार वापरून तुमचे हक्क मोडणाऱ्यावर दावा करू देणारं केंद्रीय कायद्यातलं कलम) खाली थेट कोर्टात जायचं तर मुदत राज्यागणिक बदलते: टेनेसी आणि केंटकीत एकच वर्ष, कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये दोन, न्यूयॉर्कमध्ये तीन.

शिक्षण खात्याकडची तक्रार तुम्हाला पैशांत भरपाई मिळवून देत नाही, आणि ती तिथे पडून असताना कोर्टाची मुदत सरतच असते. मार्च २०२५ मध्ये त्या कार्यालयाच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद करण्याची घोषणा झाली. तेव्हा तिथून लवकर काही होईल या भरवशावर राहू नका.

दावा नेमका कोणावर, हे न पाहणं

आधी कॉलेज खरंच सरकारी आहे का ते तपासा. नावावरून कळत नाही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया खाजगी आहेत. रटगर्स सरकारी आहे. खाजगी संस्थेवर कलम १९८३ सहसा लागत नाही.

सरकारी संस्थेतही दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची नेमकी अदलाबदल करतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सिक्स, म्हणजे वंशभेदाला मनाई करणारा सहावा भाग, केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेवर चालतं, एकट्या प्राध्यापकावर नाही. कलम १९८३ चं उलटं. १९८९ च्या निकालानुसार राज्य ही त्या कायद्यातली 'व्यक्ती'च नाही, त्यामुळे राज्य विद्यापीठावर त्याखाली भरपाईचा दावा टिकत नाही. भरपाई हवी तर संबंधित कर्मचाऱ्यावर वैयक्तिक नात्याने दावा लावावा लागतो. पुन्हा प्रवेश द्या, शेरा काढून टाका असा पुढचा आदेश हवा असेल तर त्याच्यावर पदाच्या नात्याने. तक्रारअर्जात हे स्पष्ट लिहिलं नाही तर विरुद्ध बाजूचा वकील आधी तिथेच बोट ठेवतो.

डीनला केवळ साहेब आहे म्हणून गोवता येत नाही. त्याने स्वतः काय केलं ते दाखवावं लागतं. कम्युनिटी कॉलेज काही राज्यांत स्थानिक संस्था धरलं जातं. मग संस्थेवर दावा चालतो, पण तिचं धोरण किंवा रुळलेली पद्धतच कारण होती हे सिद्ध करावं लागतं.

टीचिंग असिस्टंटनी अजून एक पाहावं. भेदभाव विद्यार्थी म्हणून झाला की नोकर म्हणून? टायटल सिक्सखाली नोकरीचे दावे फार मर्यादित चालतात. तिथे टायटल सेव्हन, म्हणजे त्याच कायद्याचा नोकरीतल्या भेदभावावरचा भाग, लागतं.

"मी तर व्हिसावर" म्हणून गप्प बसणं

चौदाव्या घटनादुरुस्तीत 'नागरिक' आणि 'व्यक्ती' असे दोन्ही शब्द आहेत, आणि समान संरक्षणाची हमी 'व्यक्ती'ला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोबी व्यावसायिकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १८८६ मध्येच ते मान्य केलं. एफ-वन व्हिसावरचा विद्यार्थीही त्यात येतो. व्हिसाची काळजी खोटी नाही, पण तिच्यासाठी वेगळा इमिग्रेशन वकील गाठा. हक्क सोडू नका.

कडक मास्तर आणि वंशभेदी मास्तर यांत गल्लत

सगळ्यांनाच तुसडेपणाने वागवणारा प्राध्यापक कायद्याच्या दृष्टीने बहुधा सुटतो. २००१ पासून टायटल सिक्सखाली खाजगी दाव्यात हेतुपुरस्सर भेदभाव दाखवावा लागतो. नियमाचा परिणाम विषम झाला एवढं पुरत नाही. निव्वळ गुणांच्या वादात कोर्टं प्राध्यापकाच्या मतात सहसा हात घालत नाहीत. म्हणून तुलना शोधा: तीच चूक, तोच प्राध्यापक, दुसऱ्या वंशाचा विद्यार्थी, आणि शिक्षा वेगळी. अशी एक जोडी दहा पानांच्या संतापापेक्षा उपयोगी.

जातीचा मुद्दा असेल तर केंद्रीय कायद्यात जात हा शब्द नाही. वंशपरंपरेच्या अंगाने मांडणी करावी लागते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने मात्र आपल्या धोरणात जातीचा उल्लेख केला आहे. तुमच्या कॉलेजचं धोरण वाचून घ्या.

पुराव्याचा हलगर्जीपणा

कॉलेजचा ईमेल कॉलेज सोडल्यावर बंद होऊ शकतो, त्यामुळे तुम्हाला आलेली पत्रं वेळीच उतरवून ठेवा. स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याची मागणी लेखी करा. ती ४५ दिवसांत दाखवणं कॉलेजला बंधनकारक आहे. व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर प्राध्यापकाला शिव्या घालू नका, तो मजकूर कोर्टात मागवला जाऊ शकतो. आणि चोरून रेकॉर्डिंग करण्याआधी राज्याचा कायदा बघा. न्यूयॉर्कमध्ये बोलणाऱ्यांपैकी एकाची, म्हणजे तुमचीच, संमती पुरते. कॅलिफोर्नियात खाजगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे.