कॉर्टिसॉलची रेंज बदलताना

बडोद्यातल्या लॅबमध्ये कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथीचं स्टेरॉइड संप्रेरक) मोजायचं नवं मोनोक्लोनल किट (एकाच प्रकारच्या अँटिबॉडीचं, जास्त नेमकं) आलं की रिपोर्टवरची जुनी रेंज, म्हणजे निरोगी माणसातल्या आकड्यांची मर्यादा, तशीच ठेवू नका. जुनी किटं इतर स्टेरॉइडंही कॉर्टिसॉल म्हणून मोजायची. त्यामुळे २५० मायक्रोग्रॅम एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं संप्रेरक) इंजेक्शननंतरचा १८ चा कटऑफ (याखाली आकडा आला तर ॲड्रिनल कमी पडतं असं धरतात) नव्या किटवर साधारण १४-१५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर येतो. १८च धरला, तर धडधाकट माणसाच्या माथी ॲड्रिनलचा आजार बसतो.

सकाळची रेंज किटच्या पत्रकातून घ्या, पण २० निरोगी लोकांवर पडताळा. रक्त ८ ते ९ मध्येच. दोनपेक्षा जास्त आकडे बाहेर नकोत. या लोकांना गर्भनिरोधक गोळ्या, इनहेलर आणि हो, खाजेचं मलमही विचारा; यांनी कॉर्टिसॉलचा आकडा बदलू शकतो. दांडिया बाजारातून आणलेली ट्यूब कुणी औषधात धरत नाही! मग सॉफ्टवेअरमध्ये रेंज बदला, डॉक्टरांना तारखेसह कळवा.