सेल्सफोर्सचं अनलॉक्ड पॅकेज: टर्मिनलवरून बांधणी

सेल्सफोर्स या व्यवसायासाठीच्या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदल एकत्र बांधून दुसऱ्या ऑर्गमध्ये (ऑर्ग म्हणजे सेल्सफोर्सचं एक स्वतंत्र खातं) बसवायचा गठ्ठा म्हणजे अनलॉक्ड पॅकेज. आधी मुख्य ऑर्गमध्ये सेटअपमधून देव हब (तात्पुरते ऑर्ग आणि पॅकेजेस सांभाळणारी सोय) आणि अनलॉक्ड पॅकेजचा पर्याय सुरू करा. देव हब एकदा सुरू केला की बंद करता येत नाही. मग टर्मिनलवर ‘एसएफ ऑर्ग लॉगिन वेब’ ही कमांड देऊन त्याला जोडून घ्या.

कामासाठी स्क्रॅच ऑर्ग, म्हणजे तात्पुरता कोरा ऑर्ग, काढा: ‘एसएफ ऑर्ग क्रिएट स्क्रॅच’. मुदत सांगितली नाही तर तो ७ दिवसांत संपतो, जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात. त्यामुळे बदल रोज ‘प्रोजेक्ट रिट्रीव्ह स्टार्ट’ने आपल्या संगणकावर आणा आणि गिटमध्ये (कोडचे बदल जपून ठेवणारं साधन) टाका. ऑर्ग संपला की त्यातलं काम परत मिळत नाही.

‘पॅकेज क्रिएट’ एकदाच चालवायचं, ‘पॅकेज व्हर्जन क्रिएट’ प्रत्येक आवृत्तीला. खरी अडचण इथेच येते. तुमच्या ऑर्गमध्ये सगळं नीट चालतं, पण बांधणी फसते. कारण बांधणी वेगळ्या, कोऱ्या ऑर्गमध्ये होते आणि तुम्ही हाताने सुरू केलेली सेटिंग्ज तिथे नसतात. ती सगळी डेफिनिशन फाइलमध्ये (स्क्रॅच ऑर्ग कसा हवा ते सांगणारी फाइल) लिहा आणि तीच फाइल ‘पॅकेज व्हर्जन क्रिएट’लाही द्या.

याच कमांडमधला कोड कव्हरेजचा (चाचण्यांनी किती कोड तपासला ते मोजण्याचा) पर्याय विसरू नका. अ‍ॅपेक्स (सेल्सफोर्सची प्रोग्रामिंग भाषा) चाचण्यांचं कव्हरेज किमान ७५ टक्के मोजलं गेलं नसेल, तर आवृत्ती ‘प्रमोट’ (वापरासाठी पक्की) होत नाही. पडताळणी टाळून केलेली आवृत्तीही प्रमोट होत नाही, ती फक्त घाईच्या तपासणीसाठी वापरावी. प्रमोट न केलेली आवृत्ती प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या ऑर्गमध्ये, बसत नाही.

बसवताना आवृत्तीचा ‘०४टी’ने सुरू होणारा आयडी लागतो; आधी सँडबॉक्समध्येच (चाचणीसाठीची ऑर्गची प्रत) बसवून पाहा.