घडीचा नांगर की आडव्या दांड्याचा? आधी तळ बघा

चार नखांचा घडीचा नांगर कयाक किंवा छोट्या होडीसाठी सोयीचा, पण वाळूत आणि मऊ चिखलात त्याच्यावर विसंबू नका. नखं अरुंद असल्याने ती तळ धरत नाहीत, नुसत्या रेघा ओढत सरकतात. खडकात मात्र तो पटकन अडकतो, कधीकधी सुटतच नाही. म्हणून दोर वरच्या कडीला न बांधता नखांकडच्या खालच्या कडीला बांधा आणि वरच्या कडीशी बारीक सुतळीने जखडा. जोरात ओढलं की सुतळी तुटते, नांगर उलटा निघतो. हे फक्त थोडा वेळ थांबताना. रात्रभर नाही, कारण वाऱ्यानेही सुतळी तुटेल.

नखं उघडल्यावर सरकती कडी पूर्ण बसली का, हाताने हलवून पाहा. अर्धवट बसली तर ओढ येताच नखं मिटतात.

आडव्या दांड्याचा पारंपरिक नांगर खडक आणि दाट शेवाळात सरस, पण जड. दांड्याची खीळ निसटली तर तो आडवा पडून राहतो.

वाळूचिखलात रुंद पात्यांचाच नांगर हवा. २-३ मीटर साखळी जोडा, भरतीची खोली धरून पाचपट ते सातपट दोर सोडा.