ह्युमनिस्ट सेलिब्रंट व्हायचंय? सुरुवात अंत्यविधीपासून करा

ज्यांना देवाधर्माशिवाय लग्न लावायचं असतं किंवा आपल्या माणसाला निरोप द्यायचा असतो, त्यांच्यासाठी तो सोहळा लिहायचा आणि समोर उभं राहून पार पाडायचा, हे माझं, म्हणजे ह्युमनिस्ट सेलिब्रंटचं, इंग्लंडमधलं काम. ह्युमनिस्ट्स यूके ही संस्था याचं प्रशिक्षण देते. लग्न, अंत्यविधी आणि नामकरण यांचं वेगवेगळं. बरेचजण लग्नं डोळ्यांसमोर ठेवून येतात. त्यांना मी सांगते, आधी अंत्यविधी शिका. ऐकायची सवय तिथेच लागते.

फोन बहुधा फ्युनरल डायरेक्टरचा, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या व्यावसायिकाचा येतो. मृत्यूनंतर अंत्यविधीला इथे अनेकदा दोन-तीन आठवडे लागतात, पण आपल्या हाती त्यातला आठवडाभरच उरतो. घरी जायचं, दीड-दोन तास बसायचं. जन्म, शाळा, नोकरी हे सगळं पंधरा मिनिटांत कळतं. माणूस त्यानंतर कळायला लागतो. एका घरी मुलगी वडिलांबद्दल ‘शांत होते’ यापलीकडे काही सांगेना. निघता निघता मी विचारलं, “त्यांची एखादी वस्तू तुम्ही ठेवून घेणार आहात का?” ती गॅरेजमधून पत्र्याचा डबा घेऊन आली. आत छोट्या बाटल्यांत मापाप्रमाणे लावलेले स्क्रू, प्रत्येक बाटलीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी. एकीवर लिहिलं होतं, ‘कशाचे आहेत आठवत नाही. टाकू नका.’ ते वाचून ती हसली, मग बराच वेळ रडली. श्रद्धांजलीची सुरुवात मी त्या चिठ्ठीनेच केली.

मिनिटांचा हिशेब पक्का हवा. अनेक क्रिमेटोरियममध्ये (दहनगृहांत) अर्धाच तास मिळतो, आणि लोकांचं आत येणं, बाहेर पडणं त्यातच धरलेलं असतं. पुढचं कुटुंब बाहेर ताटकळत असतं. मिनिटाला 120 शब्द धरले तर श्रद्धांजलीच्या आठ मिनिटांत 960 शब्द होतात; घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. गाण्यांचा क्रम, शेवटी शवपेटीपुढचा पडदा ओढायचा की उघडा ठेवायचा, हे घरच्यांना आधी विचारा. काही ठिकाणी पडद्याचं बटण आपल्यालाच दाबायचं असतं, तेव्हा लवकर जाऊन ते बघून ठेवा. प्रार्थना आम्ही म्हणत नाही, पण थोडा वेळ शांतता ठेवतो. श्रद्धाळू नातलग तेवढ्यात मनातल्या मनात आपली प्रार्थना म्हणून घेतात. वेळ कमी पडला तर दुसरं काहीही कापा, ती शांतता कापू नका.

आणि नावं! माझ्या हातून एकदा नातीचं नाव चुकलं. पहिल्या रांगेत बसलेल्या त्या मुलीने मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही. तेव्हापासून संहितेत सगळी नावं मी देवनागरीत लिहिते. स्पेलिंग बघून ज्याचा उच्चार सुचणारच नाही असं एक आयरिश नाव आहे. ‘शिवॉन’ असं लिहून ठेवलं की जीभ अडखळत नाही.

लग्नांबाबत एक गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. स्कॉटलंडमध्ये 2005 पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये 2018 पासून ह्युमनिस्ट लग्न कायदेशीर धरलं जातं. इंग्लंड आणि वेल्समध्ये नाही. त्यामुळे इथल्या जोडप्याला किमान 29 दिवस आधी नोटीस देऊन, दोन साक्षीदार घेऊन, रजिस्ट्रारसमोर लग्न वेगळं करावं लागतं. मला हा अन्याय वाटतो. ज्या वचनांवर दोघांनी महिनोन्महिने विचार केलेला असतो, नेमकी तीच कायद्याच्या हिशेबात धरली जात नाहीत.

काम स्वतंत्रपणे करायचं असतं, ठरलेला पगार नसतो. लग्नं वर्ष-वर्षभर आधी ठरतात आणि उन्हाळ्यातले शनिवार घेऊन जातात. अंत्यविधी बहुतेक सोमवार ते शुक्रवार, दिवसाढवळ्या. हातातली नोकरी निदान पहिलं वर्ष सोडू नका. आठवड्याला तीनपेक्षा जास्त अंत्यविधी मी घेत नाही. लहान मुलाचा असेल, तर त्या आठवड्यात तेवढा एकच.

सोहळा झाल्यावर संहितेची स्वच्छ प्रत घरच्यांना द्यायची. त्या मुलीने पत्र्याचा डबा क्रिमेटोरियममध्ये आणला होता, शवपेटीवर ठेवायला. प्रत हातात दिली तेव्हा तिने ती घडी घालून बाटल्यांच्या शेजारी ठेवली आणि झाकण लावलं.