तीन करडे, एक हॉल

हॉलच्या भिंतींसाठी करडा रंग निवडायचा होता. शेड कार्डावर तिन्ही करडे सारखेच दिसत होते. दुकानदारही म्हणाला, ‘काही फरक नाही हो.’ पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्या, तेव्हा फरक कळला: एकात निळसर झाक, दुसऱ्यात हिरवट, तिसऱ्यात किंचित तपकिरी.

मग छोटे डबे आणून जाड कार्डशीटवर प्रत्येकी दोन हात मारले, कडेने पांढरी पट्टी सोडून. थेट भिंतीवर ठिगळं मारली की जुना पिवळा रंग डोळ्यांना फसवतो. शीट खिडकीजवळ, मग सोफ्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चिकटवून पाहिले. रंग वाळल्यावरच बघायचं, ओला वेगळा दिसतो.

आमचा हॉल उत्तरेकडे, थेट ऊन जवळपास नाहीच. तिथे निळसर करडा चक्क निळा दिसला. हिरवट दिवसा बरा, पण रात्री 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात शेवाळलेला वाटला. उरला तपकिरी झाकेचा. क्रीम टाइल्सशी तोच जुळला. घरात 6500 केल्विनची पांढरी ट्यूब असेल तर निकाल वेगळा लागू शकतो, म्हणून आधी दिवे ठरवा.

एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, तोही विचारून घ्या: 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. कमी उजेडाच्या खोलीसाठी मी 60 च्या वरचा घेतला. सासूबाई अजून त्याला ‘सिमेंट’ म्हणतात, ते सोडा.