घरच्या आजारपणामुळे क्रूझ रद्द करताना

क्रूझच्या रद्दीकरणाचे शुल्क निघण्याची तारीख जवळ येईल तसे टप्प्याटप्प्याने वाढते आणि शेवटच्या काही दिवसांत ते बहुधा पूर्ण भाड्याइतके होते. त्यामुळे रुग्णाला उतार पडेल या आशेवर थांबण्याआधी करारातील पुढच्या टप्प्याची तारीख पाहावी. आरक्षण एजंटामार्फत केले असेल, तर बदलही त्याच्यामार्फतच आणि लेखी मागावा. विमा असल्यास, प्रवास न करण्याचा सल्ला देणारे डॉक्टरांचे दिनांकित प्रमाणपत्र रद्द करण्यापूर्वीच घ्यावे. नंतर मिळवलेल्या कागदावर शंका घेतली जाऊ शकते. आजार जुना असेल, तर पॉलिसीतील पूर्वीच्या आजारांविषयीचे कलम आधी वाचावे. भाडे बुडाले तरी बंदर-कर व शासकीय शुल्क बहुतेकदा परत मिळते, मात्र ते आठवणीने मागावे.