आलेला सल्ला पारखायला मुलांना कसं शिकवावं

मूल काही विचारायला आलं, की पहिली पंधरा-वीस मिनिटं सल्ला द्यायचा नाही. आई-वडील, मावशी, आजोबा, शिक्षक, कोणीही असा, हेच सगळ्यात जड जातं, कारण उत्तर जिभेवर तयार असतं. पण आयतं उत्तर मिळालं की मूल एकतर मुकाट्याने मान डोलावतं, नाहीतर झिडकारून टाकतं. पारखणं त्यात कुठेच होत नाही. उद्या आपण जवळ नसताना तितक्याच ठामपणे भलतंसलतं सांगणारं कोणीतरी त्याला भेटणारच आहे.

समोर बसवून विचारलं की मुलांना ती झाडाझडती वाटते. त्यापेक्षा शेजारी बसा किंवा चालता चालता बोला. दोघांचेही मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एका वेळी पाऊण तास पुरे. त्यापुढे मोठं माणूस थकतं आणि थकलं की उपदेशावर येतं. सगळं ऐकून झालं की ते आपल्या शब्दांत परत सांगा आणि विचारा, "बरोबर कळलं का मला?" मूल "हो, पण..." म्हणालं तर थांबा. खरी गोष्ट बहुधा त्या 'पण'च्या मागे असते.

मग एक कागद घ्या आणि चार रकाने आखा: कोणी सांगितलं, नेमकं काय सांगितलं (शक्यतो त्याच शब्दांत), त्याला हे कुठून माहीत, आणि सल्ला चुकला तर कोणाला काय भोगावं लागेल. लिहायचं मुलानेच. पेन आपल्या हातात आलं की कागदही आपलाच होतो.

समजा, एकोणीस वर्षांच्या मुलीला मैत्रिणीचा भाऊ म्हणतोय, "शेवटचं वर्ष सोड, माझ्या धंद्यात ये. या आठवड्यात सांग, नाहीतर जागा जाईल." तिसऱ्या रकान्यात येईल: धंदा सुरू होऊन आठ महिने झालेत. चौथ्यात: चुकलं तर हिचं वर्ष जाईल, त्याला दुसरं माणूस मिळेल. वडील म्हणतात, "आधी पदवी." कुठून माहीत? त्यांनी स्वतः शिक्षण अर्धवट सोडलं आणि त्याची किंमत मोजली. अनुभव खरा आहे, पण त्यात जुनी भीतीही मिसळलेली आहे आणि या धंद्याची माहिती नाही. तेही कागदावर यायला हवं, वडील शेजारी बसलेले असले तरी. शिक्षिका म्हणाल्या, "एक वर्ष थांबून परत येता येतं का, ते आधी कार्यालयात विचार." तिघांत सगळ्यात साधा सल्ला हाच, आणि सगळ्यात कामाचाही. बाकीचे दोन सल्ले तिला आपल्याकडे ओढतात. हा तिला माहिती आणायला पाठवतो. चांगला सल्ला ओळखायची ही खूण मुलांना जरूर दाखवा.

वाईट सल्ल्याच्या खुणा वेगळ्या शिकवाव्या लागतात. "आत्ताच ठरव" म्हणणारा माणूस विचाराला वेळ मिळू नये म्हणून घाई करत असू शकतो. "तुझ्यासारखी हुशार मुलगी हे लगेच समजेल" यातलं कौतुक गळासारखं असतं. आणि "हे घरी सांगू नकोस" ही सगळ्यात गंभीर खूण. जो सल्ला आपल्या भल्याची काळजी असलेल्या एकाही माणसापुढे उघड सांगता येत नाही, तो पाळायचा नाही, देणारा कितीही प्रेमळ किंवा धार्मिक असो.

विचारायचं किती जणांना? तीन पुरेत, पाच म्हणजे फार झाले. त्याहून जास्त दारं ठोठावणारं मूल पुष्कळदा हवं ते उत्तर मिळेपर्यंत फिरत असतं. तिघांपैकी एक घराबाहेरचा असावा, आणि एकाने तरी ते काम स्वतः केलेलं असावं. माणसं निवडताना वयापेक्षा या गोष्टी बघा: वाईट बातमी ऐकून आवाज चढत नाही, "मला माहीत नाही" म्हणता येतं, स्वतःची चूक कबूल करता येते, ऐकलेली गोष्ट चार लोकांत जात नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसून राहिले. त्यांचं चुकलं ते बोलायला लागल्यावर; देवाच्या नावाने त्यांनी त्याच्यावरच दोष ठेवला आणि शेवटी देवानेच त्यांना चूक ठरवलं. भक्ती असली म्हणून सल्ला बरोबर असेलच असं नाही.

क्वेकर या ख्रिस्ती पंथातली एक पद्धत घरीही वापरता येते. पाच-सहा विश्वासू माणसं निर्णय घ्यायच्या माणसाला घेऊन बसतात. सल्ला देत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात. प्रश्न खरा हवा, उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही असा. "तुला नाही वाटत का, की हे चूक आहे?" हा प्रश्नाच्या वेषातला उपदेश झाला.

आता श्रद्धेबद्दल. प्रार्थनेने मन निवळतं, आणि निवळलेल्या मनाला तेच कागदावरचे रकाने जास्त स्वच्छ दिसतात. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं शांत बसायला सांगा. मागणं "हे होऊ दे" असं नको, "मला नीट दिसू दे" असं असावं. मग तीन दिवस 'हो' ठरलंय असं समजून वागायचं, पुढचे तीन दिवस 'नाही' समजून, आणि रोज रात्री दोन ओळी लिहायच्या: मन हलकं होतं की आवळलेलं? पहिल्या दिवशीच्या उत्साहावर किंवा धसक्यावर जाऊ नका, तिसऱ्या दिवशी काय उरतं ते बघा. सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम इथे लाखमोलाचा आहे: मन खचलेलं असताना आधी शांतपणे ठरवलेलं बदलायचं नाही. बहुमताचा दाब वाटला तर तुकोबांची ओळ मुलांजवळ असू द्या: "सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥" पण ही ओळ हट्टाला पांघरूण म्हणून वापरायची नाही, मन साक्षीला उभं करायचं तर आधी सगळी बाजू त्याच्यापुढे यायला हवी.

इथे मोठ्यांच्या हातून होणारी मोठी चूक म्हणजे "देवाची हीच इच्छा आहे" म्हणून विषय बंद करणं. मूल त्या दिवशी गप्प बसतं, आणि पुढे प्रश्न घेऊन ना आपल्याकडे येतं, ना देवाकडे. गीतेत एवढं सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु", याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष देव जिथे निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवतो, तिथे आपणही ठेवावा.

एका बाबतीत मात्र यातलं काहीच करायचं नाही. मारहाण, नको तिथे स्पर्श, धमकी किंवा जीव द्यायचे विचार यातलं काही कानावर आलं, तर ना कागद, ना सहा दिवस. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर, समुपदेशक किंवा पोलीस, जिथे गरज असेल तिथे पोचा. प्रार्थना बरोबर चालू राहू दे, पण त्यांच्या ऐवजी नको.

निर्णय झाला की कागदावर तारीख घाला आणि तीन महिन्यांनी तोच कागद परत काढा. कोणाची माहिती खरी निघाली, कोणाची ऐकीव होती, हे मुलालाच शोधू द्या. "मी सांगितलं होतं" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. नाहीतर पुढच्या वेळचा कागद मूल तुमच्यापुढे आणणार नाही. निर्णय तुमच्या मताविरुद्ध गेला असेल तर एवढंच विचारा, "यात माझी मदत कुठे लागेल?" आणि ते सांगेल तेवढीच करा.